ताज्या हवेचा रकाना

२ ऑगस्ट

योजना मंजूर झाली. तेवीस वर्षं मी या नगरपालिकेत लोकांच्या गटारांचे नकाशे पास करतोय. आज पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी पास झालं. विरोधात एकच हात वर गेला. तो पंखा कमी करा म्हणून सांगायला होता, असं नंतर कळलं.

नकाशे काढणाऱ्या आमच्या बाई म्हणाल्या, "सर, पहिल्या दिवसापासून टिपणं ठेवा. उद्या कोणी विचारलं, हे कसं उभं राहिलं, तर सांगता आलं पाहिजे." कचेरीतली टिपणं कचेरीत राहतील. ही वही माझी.

योजना अगदी साधी आहे. आपल्या गावात हिवाळा कडक आणि घरं गळकी. गळकी म्हणजे पाण्यानं नव्हे, हवेनं. हीटर लावायचा, आणि ऊब खिडकीच्या फटीतून रस्त्यावर. तर ज्या इमारती फटी बुजवतील, दुहेरी काचा लावतील, गच्चीवर उष्णता अडवणारा थर घालतील, त्यांना हिरवं मानांकन आणि पाच वर्षं घरपट्टीत सवलत. शंभरापैकी पंच्याहत्तर गुण मिळाले की पास.

संध्याकाळी ताईला सांगायला गेलो. मशीनवर कोणाची तरी पँट आखूड करत होती. म्हणाली, "म्हणजे घर गरम ठेवायचं आणि वर सरकारनं शाबासकी द्यायची? मग मी वीस वर्षं खिडकीत गोधड्या कोंबत होते, त्याची थकबाकी मिळेल का रे, धाकट्या?"

९ ऑगस्ट

अर्जाचा मसुदा सत्तावीस पानांचा झाला होता. साहेबांनी तो दोन बोटांनी उचलला आणि म्हणाले, "हा अर्ज आहे की कादंबरी? दोन पानांच्या पुढे गेला तर कोणी भरणार नाही. मग योजना मंजूर होऊन उपयोग काय?"

त्यांचं चूक नव्हतं. दिवसभर बसून कापाकापी केली. पाणी, बागा, कचरा हे सगळं उडवलं. 'ताज्या हवेची सोय' असं एक आख्खं पान होतं, तेही काढलं. बाई म्हणाल्या, "सर, हे राहू द्यायचं का?" मी म्हटलं, हे मोठ्या कचेऱ्यांसाठी आहे, जिथे खिडक्याच उघडत नाहीत. आपल्या लोकांच्या घरात हवा कमी आहे अशी तक्रार मी तेवीस वर्षांत ऐकलेली नाही. हवा जास्त आहे, हीच तर रड आहे.

दोन पानं झाली. शेवटच्या ओळीत सहीपुरती जागासुद्धा उरली. फार दिवसांनी स्वतःवर खूश आहे.

२४ ऑगस्ट

पहिली इमारत कोणती, यावर आठ दिवस काथ्याकूट झाला आणि शेवटी ताईचीच ठरली. सोळा घरं, चार मजले, जुनी पण धडधाकट. मी ढकललेली नाही; चेअरमन आपणहून आले. ते निवृत्त पोस्टमास्तर. अर्ज हातात घेऊन त्यांनी सवयीनं तिकीट कुठे लावायचं ते आधी पाहिलं.

आज तिथे जिन्याखाली सभा झाली. मी बोललो. फार बोललो बहुतेक. ताई मागे खुर्चीवर बसून ऐकत होती, आणि मी बोलता बोलता अडखळलो की तिचे ओठ हलायचे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतही अशीच करायची. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती पंधराची. तिची शाळा तिथेच सुटली, माझी सुटू नये म्हणून.

सोळाच्या सोळा सह्या झाल्या.

१७ ऑक्टोबर

खिडक्या झाल्या, गच्ची झाली. आज तपासणीची रंगीत तालीम घेतली. दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचायची आणि फटींतून किती आत शिरते ते मोजायचं. घरं छान निघाली. ताईचं सोडून.

एकूण गुण त्र्याहत्तर. दोन गुणांनी घोडं अडलं आहे आणि ते ताईच्या बाथरूममधल्या जाळीत अडलं आहे. वीतभर रुंद सिमेंटची जाळी, बाहेर थेट चौकात उघडणारी. पंधरा घरांनी ती बुजवली. ताई नको म्हणते.

"त्यातून वारा येतो."

"तोच तर थांबवायचाय."

"अरे, आंघोळीला बसलं की वाफ कुठून जाणार? मला कोंडल्यासारखं होतं."

"नंतर दार उघडं ठेव."

"बघू," म्हणाली. ताईचं 'बघू' म्हणजे नाही.

सोमवारी खरी तपासणी आहे. पहिलीच इमारत नापास झाली तर योजना बाळंतपणातच गेली म्हणून समजा.

१९ ऑक्टोबर

आज रविवार. जाळी बुजवली.

गवंडी येतो म्हणून आला नाही. मीच पोत्यात थोडं सिमेंट, फटी भरायच्या फेसाचा डबा आणि थापी घेऊन गेलो. ताईनं दार उघडलं, माझ्या हातातलं सामान बघितलं आणि म्हणाली, "इंजिनिअर केला, गवंडी निघाला."

मी म्हटलं, "ताई, तुझ्या एका जाळीपायी सोळा घरांचे गुण अडलेत. लोक काय म्हणतील? याच्या सख्ख्या बहिणीनंच ऐकलं नाही."

तिनं आतून स्टूल आणलं, बाथरूममध्ये ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "चढ. पडलास तर तुझ्या योजनेत हाडांची भरपाई आहे का?"

अर्ध्या तासाचं काम. गॅसचा गीझर मध्ये येत होता, त्याच्यावरून वाकून थापी फिरवावी लागली. त्याच्या अंगावर 'हवेशीर जागीच बसवावा' अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. सिमेंटचे शिंतोडे उडाले ते मी पुसून घेतले. शेवटचं भोक बुजलं तेव्हा बाहेरचा आवाज एकदम बंद झाला. ताई म्हणाली, "बघ, शेजारणीची भांडणंसुद्धा गेली. आता करमायचं कसं?"

खाली उतरल्यावर तिनं माझे हात धुतले. मी बावन्न वर्षांचा आहे, पण धुतले.

२० ऑक्टोबर

एक्क्याऐंशी गुण. एक्क्याऐंशी!

१५ नोव्हेंबर

आणखी सहा इमारती आल्या. मिळून एकशे चाळीसच्या वर घरं. बाई आणि मी नुसते धावतोय. त्यांनी नव्या इमारतींचे नकाशे टाचण्यांनी भिंतीवर लावलेत, पास झालेल्याला हिरवी टाचणी. साहेब येता-जाता तिथे थांबतात आणि कोणी आलं की आपणच टोचल्यासारखे बोलतात.

ताईकडे गेलो होतो. घर काय उबदार झालंय! एक हीटर, तोही बारीक. काचांना आतून घाम सुटलेला, पाण्याचे ओघळ. मी बोट फिरवून दाखवलं, "बघितलंस? ऊब बाहेर जायला जागाच नाही." ती म्हणाली, "मी रोज सकाळी फडक्यानं पुसते."

डोकं दुखतं म्हणाली. शिवणाचं बारीक काम. डोळे तपासून घ्यायला हवेत.

२९ नोव्हेंबर

ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नंबर थोडा बदललाय. नवा चष्मा सांगितला. काच निवडताना खूप हसली, म्हणाली, "यात मी हेडबाईंसारखी दिसते, तुला उठाबशा काढायला लावीन."

८ डिसेंबर

ताई चार दिवस भाचीकडे जाऊन आली. भाची, म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, दुसऱ्या गावी शाळेत गणित शिकवते. तिथे डोकं अजिबात दुखलं नाही म्हणे. चेहऱ्यावर तजेला होता. माणसाला माणूस लागतं, हे खरं. नवरा गेल्यापासून सहा वर्षं एकटी राहतेय, डोकं दुखेल नाही तर काय होईल? मी ठरवलं, दर रविवारी जायचं. मागच्या तीन रविवारी कामामुळे जमलं नव्हतं.

२१ डिसेंबर

आजही रविवार चुकला, फोन केला. आंघोळ करून आली की गरगरतं आणि उलटी होईलसं वाटतं म्हणाली. मी म्हटलं, गरम पाण्यात फार वेळ बसतेस, रक्तदाब उतरत असेल, एकदम उठू नकोस.

"गीझरची ज्योत पिवळी दिसते रे हल्ली. पूर्वी निळी असायची."

"कचरा अडकला असेल. समारंभ झाला की माणूस पाठवतो."

समारंभ चौदा जानेवारीला. इमारतीच्या दारावर हिरव्या मानांकनाची पाटी लागणार, नगराध्यक्ष येणार. पाटीवरचा पडदा शिवायचं काम ताईनं स्वतःहून अंगावर घेतलंय. "तुझ्या कार्यक्रमाला बाहेरचा शिंपी? मी मेले की काय?"

१० जानेवारी

पडदा पाहिला. हिरवा, जाड, कडेनं दुहेरी शिलाई. खेचायच्या दोरीला तिनं छोटा गोंडा लावलाय. मी म्हटलं, एवढं कशाला, दोन मिनिटांसाठी तर आहे. म्हणाली, "दोन मिनिटंच लोक बघणार आहेत, म्हणून तर नीट हवा."

थकल्यासारखी वाटली. कार्यक्रम झाला की सुट्टी काढून दोघांनी कुठेतरी जायचं ठरवलं. कुठे, ते तिनं ठरवायचं.

१९ जानेवारी

पाच दिवसांनी लिहितोय. लिहायचं नव्हतं. पण बाई म्हणाल्या होत्या, कसं उभं राहिलं ते सांगता आलं पाहिजे. तर मग हेही.

चौदाला सकाळी अकराचा कार्यक्रम. मी नऊपासून खाली. खुर्च्या, माईक, पडदा. ताई दहाला उतरते म्हणाली होती. साडेदहाला फोन केला, उचलला नाही. मला राग आला. ही वही माझी आहे, म्हणून लिहितो: मला राग आला. नगराध्यक्षांच्या मागच्या रांगेतली खुर्ची मी तिच्यासाठी राखली होती आणि लोक ती मागत होते.

अकराला नगराध्यक्षांनी दोरी ओढली. पडदा झर्रकन सरकला, कुठेही अडला नाही. टाळ्या झाल्या. माझं नाव घेतलं गेलं. मी वर दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. तिच्या खिडकीच्या काचा धुरकटलेल्या होत्या.

मी चेअरमनना म्हटलं, "जरा ताईला हाक मारता?" ते वर गेले. मग वरून त्यांची हाक आली, आणि ती ताईला नव्हती, मला होती.

दार फोडावं लागलं. मग बाथरूमचं दार. नळ चालू होता. ज्योत चालू होती. नवे कपडे दाराच्या खुंटीवर घडी मोडून टांगलेले. ती स्टुलाला टेकून बसली होती, केसांवरून पाणी गळत होतं आणि गाल अगदी लाल, तरुण दिसत होते. मला वाटलं जिवंत आहे. मी तिला हलवलं, ओरडलो. मग माझंही डोकं गरगरायला लागलं आणि चेअरमननी मला काखेत धरून बाहेर ओढलं.

२० जानेवारी

डॉक्टरांचा कागद आला. कार्बन मोनॉक्साइड. या वायूला ना वास, ना रंग. बंद जागेत गॅस जळला, हवा अपुरी पडली की तयार होतो. कागदावर पुढे लिहिलंय: 'बाथरूमला वायुवीजन आढळले नाही.'

आढळणार कसं?

डोकेदुखी, मळमळ, गरगर, बाहेर गेलं की बरं वाटणं, पिवळी ज्योत, काचांवर पाणी. या वायूची लक्षणं मी आज ग्रंथालयात बसून वाचली. एकेक लक्षण या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, तारीखवार.

२१ जानेवारी

भाची आल्यापासून माझ्याशी बोलली नव्हती. आज ताईच्या घरातलं शिवणाचं सामान आवरताना तिनं विचारलं, पाठ माझ्याकडेच ठेवून.

"मामा, जाळी कोणी बुजवली?"

"मी."

"आई हो म्हणाली होती?"

"आधी नाही म्हणाली."

"मग?"

"मग माझ्यासाठी हो म्हणाली."

बराच वेळ ती बटणांच्या डब्यात हात घालून उभी राहिली. मग वळली. "तू खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं. तुझा राग करणं सोपं गेलं असतं." आणि मग डबा खाली ठेवून रडायला लागली. मी जवळ जायला उठलो तर तिनं हात पुढे करून मला थांबवलं.

दुपारच्या गाडीनं गेली.

२३ जानेवारी

कचेरीत गेलो. सगळे उभे राहिले. मला ते नको होतं.

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि खरोखर मायेनं बोलले. "तुमच्यावर काहीही येणार नाही. अर्जात तसा रकानाच नाही. जाळी बुजवू नका असं नियमात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं."

"झालं तर मग."

"साहेब, लिहिलं होतं. ते पान मी काढलं."

ते खिडकीकडे वळून म्हणाले, "पानं कमी करा म्हणून मीच सांगितलं होतं." त्या माणसाविषयी पहिल्यांदाच मला आदर वाटला. पण पुढच्या क्षणी म्हणाले, "तेव्हा आपण दोघंही गप्प बसलेलं बरं."

मी म्हटलं, सहा इमारती अजून आहेत. जाळ्या बुजवायचं काम बंद करायचा आणि बुजवलेल्या उघडायचा आदेश आज काढा. ते म्हणाले, ठराव मांडावा लागेल, सभा पंधरा दिवसांनी. पंधरा दिवस म्हणजे पंधरा आंघोळी. मी उठलो.

बाई भिंतीपाशी होत्या. हिरव्या टाचण्या त्यांनी आधीच काढल्या होत्या. पर्समधून कागद काढला; कोणत्या घरात गॅसचा गीझर आहे, त्याची यादी. दोन दिवस फोन करून केली होती. एकोणतीस घरं. म्हणाल्या, "सर, मी त्या दिवशी आणखी जोरानं बोलायला हवं होतं."

"तुम्ही बोललात," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. हे तुमचं नाही."

२४ जानेवारी

ताईच्या इमारतीपासून सुरुवात केली. चेअरमननी स्वतः छिन्नी आणली. चार घरांत गॅसचे गीझर. तिथल्या दोन घरांतल्या बायका म्हणाल्या, हो, सकाळी जड वाटायचं, पण ताई म्हणायच्या, माझ्या भावाची योजना आहे, पहिल्या वर्षी असंच होत असेल.

मी जिन्यात जाऊन बसलो. चेअरमन आले, शेजारी बसले. मग म्हणाले, "उठा. अजून पाच इमारती झाल्या नाहीत."

"सहा," मी म्हटलं.

"सहा."

२६ जानेवारी

वाटलं होतं, सांगितलं की लोक उघडतील. नाही उघडत.

मी ज्यासाठी दारोदार हिंडलो होतो, तेच आता माझ्या तोंडावर फेकतात. जाळी उघडली की गुण जाणार, गुण गेले की सवलत जाणार. "तुम्हीच बुजवायला लावलीत." "लेखी आणा." एकजण म्हणाला, "आमच्याकडे गीझर नवीन आहे, तुमच्या बहिणीचा जुना होता." सरकार ज्याला गुण देतं तेच माणूस करतो. बंद करायला मी गुण ठेवले, उघडायला एकही ठेवला नाही. मग कोण कशाला उघडेल?

दोन दिवसांत एकोणतीसपैकी अठरा झाली.

२७ जानेवारी

एक टॅक्सीवाला. तिसरा मजला. मानांकनाचं प्रमाणपत्र त्यानं चौकटीत घालून दारासमोरच लावलंय. मला आत घेतलं, बसवलं, पण जाळीचं नाव काढताच मान हलवली.

"साहेब, तुमचं वाईट झालं, ऐकलं आम्ही. पण त्या आजारी होत्या म्हणे."

"आजारी नव्हती."

"हृदयाचं काहीतरी..."

तेवढ्यात आतून त्याची मुलगी आली. सात-आठ वर्षांची, ओले केस, शाळेचा गणवेश. आईला म्हणाली, डोकं दुखतंय. आई म्हणाली, रोजचं नाटक आहे, शाळा नको असते.

मी उभा राहिलो. आतापर्यंत प्रत्येक दारात मी 'दुर्घटना घडली' असं म्हणत होतो. कचेरीची भाषा. तिथे ते तोंडातून निघेना.

"माझी बहीण असंच सांगत होती," मी म्हटलं. "डोकं दुखतं म्हणाली, मी चष्मा घेऊन दिला. ती जाळी बुजवू नको म्हणाली, मी बुजवली. या हातांनी. तिच्या घरातली हवा मी बंद केली आणि ती मेली. मी मारलं तिला. या पोरीचं डोकं नाटक करत नाहीये हो."

त्याची बायको उठली, स्वयंपाकघरात गेली आणि हातोडा घेऊन आली. नवऱ्याकडे दिला नाही. स्वतःच बाथरूममध्ये गेली. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला सिमेंट फुटलं आणि थंड वारा सरळ हॉलपर्यंत आला. मुलगी म्हणाली, "ई, गार!"

टॅक्सीवाल्यानं भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं आणि कपाटावर पालथं ठेवलं.

७ फेब्रुवारी

एकोणतीस झाली. शेवटच्या दोन घरांत पोलिसांना घेऊन जावं लागलं. हरकत नाही.

९ फेब्रुवारी

सभा झाली. काहींनी योजनाच रद्द करा म्हटलं. मी उठून विरोध केला. मी म्हटलं, घर उबदार करणं चूक नव्हतं. घर कुपीसारखं बंद करून त्याला बक्षीस देणं चूक होतं. हवेचा रकाना परत घाला, त्यात नापास झालेल्याला बाकीचे नव्व्याण्णव गुण असले तरी मानांकन देऊ नका. आणि जो गॅसचा गीझर बाथरूमच्या बाहेर काढेल, त्याला वेगळी सवलत द्या.

मंजूर झालं. अर्ज आता तीन पानांचा आहे. ते तिसरं पान बाईंनी टंकलं, कारण मी चार वेळा बसलो आणि चारही वेळा पहिल्या ओळीवर अडलो.

२ मार्च

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतःविरुद्ध चौकशीचा अर्ज दिला होता, त्याचा निकाल लागला. साहेब म्हणाले होते, हा धोंडा कशाला पायावर पाडून घेता? नोकरी जाईल, शिक्षा होईल, असं मला वाटलं होतं. खरं तर हवं होतं.

एक ओळीचं पत्र आलं. 'अर्जाच्या नमुन्यातील त्रुटीबद्दल सक्त ताकीद देण्यात येत आहे.'

ताईच्या जाण्याला कचेरीनं 'त्रुटी' असं नाव दिलं. वेलांटी मात्र बरोबर होती.

पत्र घडी करून खिशात घातलं आणि सवयीनं संध्याकाळी ताईच्या जिन्यापर्यंत गेलो. वर जायच्या आधी लक्षात आलं. तिथेच उभा राहिलो. कुणाला दाखवणार होतो? चांगलं झालं तरी तिला सांगायचो, वाईट झालं तरी तिलाच. बावन्न वर्षांत मला कोणतीही गोष्ट तिला सांगितल्याशिवाय घडल्यासारखी वाटलेली नाही. आणि ही तिला सांगता येत नाही, म्हणून ही अजून घडतेच आहे. रोज.

५ एप्रिल

काल भाचीचा फोन आला. अडीच महिन्यांत पहिला. मी 'हॅलो' म्हटलं तर थेट म्हणाली, "उद्या येशील? अवजारं घेऊन ये."

आज गेलो. तिनं दार उघडलं, चहा विचारला नाही, पाणी दिलं. बाथरूम दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं. "आमच्या इमारतीतही तुझ्यासारखी योजना आली आहे. लोक मला विचारतात, तुम्हाला माहिती असेल ना. मी काय सांगू? तू बघ."

मी बघितलं. प्रत्येक खिडकी, प्रत्येक फट, नळी, जोड. चार तास लागले. ती सगळा वेळ मागे उभी राहिली आणि मी काय मोजतो ते वहीत लिहून घेत गेली, शाळेत मुलांच्या उत्तरपत्रिका तपासते तशी. मध्येच म्हणायची, "हे का?" मी सांगायचो. एका ठिकाणी मी म्हटलं, हे चालेल. तिनं पेन थांबवलं. "चालेल म्हणजे?" मी पुन्हा मोजलं. चालत नव्हतं. दुरुस्त केलं.

निघताना दारात चपला घालत होतो. ती चौकटीला टेकून उभी होती, अगदी ताई उभी राहायची तशी, एक पाय दुसऱ्यावर ठेवून.

"मामा, मी तुला माफ केलेलं नाही."

"हो."

"करीन की नाही, मला माहीत नाही."

"हो गं."

"पण हे दर वर्षी येऊन बघून जायचं. थंडीच्या आधी. आणि येताना कळवायचं, म्हणजे मी सुट्टी घेईन."

मी मान हलवली. तिनं माझ्या पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला आणि दार लावून घेतलं. जिना उतरताना मला आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग, जरा थांबून, खिडकी उघडल्याचा.